रामटेके यांनी दिलेली जोडणी

रतन रामटेके यांनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं जोडण्या दिल्या. उदारीकरणाच्या आधी, फोनसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असत तेव्हा, लग्नाच्या पंगतीत त्यांना मुलाच्या मामाच्या आधी वाढलं जाई. पुढे पानटपरीवरही मोबाइलचं कार्ड मिळू लागलं आणि पंगतीतली त्यांची जागा सरकत सरकत हात धुवायच्या बेसिनापाशी आली. तिथून ते स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुण्यात वारज्याला राहायला आले.

वारज्यात त्यांना नवा उद्योग मिळाला तो ‘ओटा’ या मराठी संकेतस्थळाचा. तिथे जगभरचे मराठी लोक पाककृती लिहीत आणि एकमेकांच्या पाककृतींना नावं ठेवत. शकुंतलाबाई, म्हणजे रामटेक्यांच्या पत्नी, सांगत आणि रामटेके दोन बोटांनी टंकत. अशा रीतीने २००५ च्या ऑगस्टात शकुंतलाबाईंचा गोळाभात ओट्यावर आला. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, त्याचे तिखट गोळे, ते अर्धवट शिजलेल्या भातात पुरायचे, आणि वाढताना वरून हिंगमोहरीचं कडकडीत तेल. पहिल्या आठवड्यात दोन प्रतिक्रिया आल्या. एक ‘छान’ अशी होती. दुसरी ‘उत्कृष्ट, असा गोळाभात होणे नाही’ अशी होती आणि ती रामटेक्यांनीच लिहिली होती. त्यानंतर त्या पानाकडे कोणी फिरकलं नाही, असा दोघांचा समज होता.

दोन वर्षांनी, एका शुक्रवारी, नारायण पेठेतल्या पद्मजा घैसास यांनी ओट्यावर ‘मोती-पुलाव : माझी एक कल्पना’ हा लेख टाकला. पद्मजाताईंनी काहीही टाकलं तरी दुपारपर्यंत चाळीस प्रतिक्रिया येत. मोती म्हणजे भरड्याचे गोळे होते. पुलाव म्हणजे भात होता. कल्पना म्हणजे गोळ्यात घातलेली चमचाभर साखर होती.

शकुंतलाबाई एरवी पुणेरी बोलत. राग आला की त्या थेट माहेरी, भंडाऱ्याला पोचत.

“गोळ्यात साखर! मले तर वाटते, या बाईनं भरडा कधी पाहलाच नाही. आन् लोक म्हनतात, अप्रतिम! माझ्या आईची कृती हाय थे. माझ्या नावानं टाकली होती ना तुमी? मंग सांगा तिले.”

रामटेक्यांनी लगेच सांगितलं. ‘सदर कृती आमच्या कुटुंबाने पूर्वीच येथे दिलेली आहे, याची नोंद घ्यावी.’

पाच मिनिटांत पद्मजाताईंचं उत्तर आलं. ‘दुवा असल्यास द्यावा. नसल्यास जागा अडवू नये.’

शकुंतलाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, “माझं नाव लागेस्तोवर या घरात गोळाभात होनार नाही.” आणि रात्री दुधी केला.

आता दुवा देणं म्हणजे काय, हे रामटेक्यांना वाचक म्हणून ठाऊक होतं. निळी, अधोरेखित अक्षरं असतात, त्यांवर टिचकी मारली की दुसरं पान उघडतं. पण ती निळी करतात कशी, हे ओट्यावर कोणी लिहिलेलं नव्हतं. विचारलं असतं तर घैसासबाईंनी ते वाचलं असतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांनी बंगळुरात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

“पप्पा, मी मॉलमध्ये आहे,” निकिता म्हणाली. “इट्स सो सिंपल. एचटीएमएल आहे ते. लिहून घ्या. आधी टोकदार कंस. मग ए.”

“कुठला ए? मोठा की छोटा?”

“कुठलाही. मग स्पेस. मग एच, आर, ई, एफ. बरोबरचं चिन्ह. मग अवतरण चिन्हात आईच्या पानाचा पत्ता. मग कंस बंद. मग लोकांना दिसायला हवेत ते शब्द. आणि शेवटी पुन्हा कंस, तिरपी रेघ, ए, कंस. झालं. ठेवू?”

रामटेक्यांनी हे सगळं वहीत आकृती काढून लिहून घेतलं. पहिला प्रयत्न शास्त्रशुद्ध होता, फक्त लोकांना दिसायचे शब्द घालायचे राहिले. ओट्यावर त्यांच्या नावापुढे निव्वळ कोरी जागा उमटली. त्याखाली लगोलग कोणीतरी लिहिलं, ‘आपल्या मौनाशी सहमत.’

दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी शब्द घातले. ‘येथे’ वगैरे उथळ शब्द त्यांना पटेनात. त्यांनी लिहिलं, ‘संदर्भ : आमचा दि. १४ ऑगस्ट २००५ चा लेख’. आणि शेवटच्या तिरप्या रेघेपाशी ते थबकले. पत्ता दिला, शब्द दिले, जोडणी झाली. मग ही आडवी येणारी रेघ कशाला? एकतीस वर्षांत त्यांनी तार तोडली होती ती फक्त बिल थकवणाऱ्यांची. इथे तर आपल्याच बायकोची जोडणी होती. निकिताला मॉलमध्ये घाई होती, तिनं चुकून जास्तीचं सांगितलं असणार. रामटेक्यांनी तो भाग गाळला आणि बटण दाबलं. अक्षरं निळी झाली. टिचकी मारली, गोळाभात उघडला. त्यांनी कळफलकावरून हात फिरवला आणि समाधानानं संगणक बंद केला.

रविवारी सकाळी ओटा उघडला तर पान निळं झालं होतं.

रामटेक्यांची ओळ निळी होती, ते ठीकच. पण तिच्याखाली रात्रभरात आलेल्या पंचवीस प्रतिक्रियाही निळ्या होत्या. ‘अप्रतिम’ निळं. ‘आजच केला, मुलांनी पातेलं चाटलं’ निळं. ‘पद्मजाताई, तुमच्या कल्पकतेला सलाम’ हेही निळं, आणि त्यावर टिचकी मारली की शकुंतलाबाईंचा गोळाभात उघडत होता. सर्वांत खाली ओट्याचा व्यवस्थापक तेजस यानं, अर्थात निळ्याच अक्षरांत, लिहिलं होतं : ‘रामटेकेकाका, दुपारी बारापर्यंत बंद करा, नाहीतर मला अख्खी चर्चा उडवावी लागेल.’

रामटेक्यांनी बंगळुरला फोन लावला.

“पप्पा! क्लोज नाही केला तुम्ही?”

“दिलेली जोडणी कोणी तोडतं का?”

“तोडत नाही हो, थांबवतो. दुवा इथे संपला, एवढंच सांगायचं. नाहीतर ब्राउझरला वाटतं, पुढचं सगळं तुमचंच. आता खाली नवी प्रतिक्रिया द्या, त्यात तेवढंच लिहा. कंस, तिरपी रेघ, ए, कंस.”

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला.

“रामटेके का? घैसास. नारायण पेठ. कृतीखाली वारजे लिहिलंय, आणि टेलिफोनच्या निर्देशिकेत तुमच्या आडनावाचे तिथे एकच सापडले. मी माझ्याच लेखाखाली लोकांचे आभार मानले आहेत. त्या आभारांवर टिचकी मारली तर मी तुमच्या पत्नीच्या पातेल्यात जाऊन पडते. हे आपण मुद्दाम केलंत?”

“नाही हो ताई. चुकून झालं.”

“मुद्दाम केलं असतंत तर आदर वाटला असता.” त्या म्हणाल्या. “पडलेच होते, म्हणून वाचलं. तिथे सर्वांत खाली एक प्रतिक्रिया आहे. ‘करून पाहीन. गोळ्यात साखर चालेल का?’ ती माझी आहे. विसरले होते मी. पण दोन वर्षं कोणी उत्तर दिलं नाही, हे काही बरं नाही. मी होकार धरला.”

शकुंतलाबाईंनी फोन जवळजवळ हिसकावला. राग असूनही आवाज मात्र शुद्ध पुणेरी निघाला.

“साखर चालत नाही.”



“बरं,” पद्मजाताई म्हणाल्या. “आमच्याकडे चालते.” आणि फोन ठेवला.

अकराच्या सुमारास मोती-पुलावाच्या मथळ्याखाली एक नवी ओळ आली. ‘मूळ कृती शकुंतला रामटेके, वारजे यांची. साखर माझी.’ त्यातलं शकुंतलाबाईंचं नाव तेवढं निळं होतं, आणि नावाबरोबरच निळं संपलं होतं.

“पाहिलंस?” रामटेके म्हणाले. “झालं तुझं काम. आता बंद करतो. बाराला तासभर उरलाय.”

“थांबा जरा,” शकुंतलाबाई खुर्ची ओढून बसल्या. “उंदीर द्या इकडे.”

त्यांनी ‘अप्रतिम’वर टिचकी मारली. गोळाभात उघडला. मागे आल्या. ‘मुलांनी पातेलं चाटलं’वर मारली. गोळाभात. पान सावकाश उघडत होतं. त्यांना घाई नव्हती. ‘कल्पकतेला सलाम’ त्यांनी दोनदा उघडलं. रामटेके घड्याळाकडे बघत मागे उभे राहिले. बारा वाजायला तीन मिनिटं असताना त्यांनी अखेर बायकोच्या खांद्यावरून हात पुढे घातला, कंस, तिरपी रेघ, ए आणि कंस अशी चार अक्षरं टंकली आणि बटण दाबलं. ओट्यावर आलेली पुढची प्रतिक्रिया काळी उमटली.

शकुंतलाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“माझ्या दोन निळ्या उघडायच्या राहिल्या होत्या,” त्या म्हणाल्या.