पूर्ण एक मिनिट

मांजरसुंब्याच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात स्वप्नालीच्या इंटर्नशिपचा तिसरा आठवडा चालू होता. मोठे डॉक्टर मीटिंगसाठी बीडला गेलेले, दाराबाहेर रांग लागलेली. शिवकन्या पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आत आली, सोबत सासू बायनाबाई. जानेवारीची थंडी, पोर दोन स्वेटर, कानटोपी अन् दुपट्यात गच्च गुंडाळलेली.

"दोन दिसांपासून सर्दी-खोकला हाय," बायनाबाई म्हणाली. "अन् सकाळधरनं अंगावरचं दूध पिईना झालीय."

हे दुसरं वाक्य स्वप्नालीच्या कानावर पडलं, पण तिने ते मनावर घेतलं नाही. अंग तापलेलं नव्हतं, पोर रडत नव्हती. तिने स्वेटरवरूनच स्टेथोस्कोप टेकवला, सर्दीचं लिहून दिलं आणि पुढच्याला बोलावलं.

पुढचा तीन वर्षांचा गडी. स्टेथोस्कोप बघूनच त्याने दवाखाना डोक्यावर घेतला. त्याला धरता धरता स्वप्नाली थबकली. मघाची पोर साधी कुरकुरलीसुद्धा नव्हती. ती शांत नव्हती, गळून गेली होती.

स्वप्नाली तशीच उठून रस्त्याकडे पळाली. दोघी काळीपिवळी जीपमध्ये बसल्या होत्या.

"आजी, खाली उतरा. मला बाळाला परत बघायचंय."

"कावून? आताच तर बघितलं की."

"नीट बघितलं नाही मी."

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर तिने पोरीचे स्वेटर वर केले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. तिने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अडुसष्ट. या वयाला पन्नास झाले तरी न्यूमोनियाचा धोका, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

केंद्रात आणल्यावर नर्सबाईंनी ऑक्सिजन लावला. मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारून स्वप्नालीने इंजेक्शनचा पहिला डोस दिला, एकशे आठला फोन केला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शिवकन्या पोरीचे पाय हातात धरून बसली होती.

"मॅडम, आमची गाडी सुटली असती तर?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

"तर पोर हातची गेली असती," स्वप्नाली म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे."

ॲम्ब्युलन्स आली तशी शिवकन्या पोरीला घेऊन आत चढली.

नऊ दिवसांनी पोर बीडहून घरी आली. पुढच्या आठवड्यात तिघी तपासणीला आल्या, तेव्हा स्वप्नालीच्या टेबलासमोर कुणीच नव्हतं. तरी शिवकन्या मोठ्या डॉक्टरांच्या लांब रांगेत जाऊन उभी राहिली. स्वप्नालीने हाक मारली नाही.

थोड्या वेळाने बायनाबाई एकटीच टेबलापाशी आली.

"पावशेर वजन वाढलंय," एवढं सांगून ती रांगेत परत गेली.