दोन पंख्यांचं कार्ड

शेलूबाजारला हायवेलगत शेषरावांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात आणि नवी तार भरून परत जातात. शेषरावांची मुलगी धम्मदीपा यंदा बारावीत आहे, पण वार्निशचा वास तिच्या ओळखीचा झाला तो शाळेत जायच्याही आधी. दुकानाचे दोन नियम तिला पाठ होते. मोटार टेबलावर आली की आधी तिच्यावरची पत्र्याची पाटी वाचायची : किती हॉर्सपॉवर, किती अँपिअर. आणि कुठलीही तार सोडण्याआधी तिला नंबराची चिठ्ठी बांधायची, म्हणजे जिथली तार तिथेच परत लागते.

घरात पाच वर्षांचा जुना कॉम्प्युटर होता. धम्मदीपाला त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता, पण वळण आलं की गाडी जागीच थबकायची. पडदा एका सेकंदाला जेमतेम चौदा चित्रं दाखवायचा. गेम नीट चालायला साठ तरी हवीत. त्यासाठी पडद्यावरची चित्रं तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे तिने बाबांना महिनाभर समजावलं होतं.

नेमका त्याच वेळी तिचा चुलतभाऊ अश्वजित सुट्टीला आला. तो अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत होता.

"काका, कार्ड घ्याच. अन् कॉम्प्युटर मले द्या, मी रूमवर नेतो," तो म्हणाला. "इले काय समजते त्यातलं?"

शेषरावांनी हातातली तार बाजूला ठेवली. "कार्ड दीपा निवडंल अन् तीच बसवंल. गेम चालला, तर कॉम्प्युटर तिचा. नाई चालला, तर तू घेऊन जाय."

"मंजूर!" अश्वजित म्हणाला. धम्मदीपानेही मान डोलावली.

शनिवारी तिघं वाशीमला गेले. दुकानदार राजपालभाऊंनी काउंटरवर दोन कार्डं मांडली. एक तीन पंख्यांचं, विटेएवढं जाड, कडेला रंगीत दिवे. दुसरं दोन पंख्यांचं, साधं काळं, आखूड.

"हे पाह्य!" अश्वजितने मोठं कार्ड दोन्ही हातांनी उचललं. "याले म्हणतात कार्ड. ते दुसरं म्हणजे टेबलफॅन हाये."

धम्मदीपाने वही उघडली आणि राजपालभाऊंना विचारलं, "भाऊ, या मोठ्याले वीज किती लागते?"

"एकटं तीनशे वॅट खाते, पोरी. कॉम्प्युटरले वीज देणारा सप्लाय साडेसातशेचा पाहिजे."

"आमचा साडेचारशेचा हाये. मी त्याच्यावरची पाटी वाचून आली."

"अवं, मंग सप्लाय नवा घेऊ," अश्वजित म्हणाला.

"अन् कॉम्प्युटरचा डबा? आत कार्डाले जागा सत्तावीस सेंटिमीटर हाये."

राजपालभाऊंनी टेप लावला. मोठं कार्ड तेहतीस भरलं. ते हसले. "डबाबी नवा घ्या मंग."

"अन् प्रोसेसर? तो पाच वर्षांचा हाये. कार्डाले काम पुरवाचं त्यानंच ना? एवढ्या मोठ्या कार्डाले तो पुरणारच नाई." ती बाबांकडे वळली. "बाबा, साडेसात हॉर्सपॉवरची मोटार बसवली अन् पाइप एक इंचाचा ठेवला, तर?"

"पाणी पाइपाएवढंच येईल," शेषराव पटकन म्हणाले. इतका वेळ त्यांना काहीच उमगत नव्हतं; आता सगळं लख्ख दिसलं.

"दीपे, लोकं तीन पंखे पाह्यतात," अश्वजित कुरकुरला.

"गेम पंखे मोजत नाई, दादा. दोन पंख्यांचं आमच्या डब्यात मावते अन् सप्लायवर चालते. तेच द्या, भाऊ."

रविवारी सकाळी तिने ओट्यावर सतरंजी टाकून कॉम्प्युटर उघडला. मागच्या सातही वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, एक ते सात. मग त्या सोडल्या, धूळ पुसली आणि कार्ड खाचेत दाबलं. खट्ट आवाज झाला. सप्लायमधून आलेली वीज त्याला जोडली. मग चिठ्ठ्या पाहत पाहत सातही वायरी जिथल्या तिथे लावल्या आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. तिने गेम लावला. गाडी निघाली, पहिलं वळण आलं आणि गाडी थबकली. कोपऱ्यातला आकडा होता चौदा.

अश्वजित मांडी थोपटून हसला. "टेबलफॅन! म्हटलं नव्हतं? काका, खोकं कुठी हाये? उद्याच्या गाडीनं नेतो."

तो खरंच आतून खोकं घेऊन आला आणि तिच्याशेजारी ठेवलं. धम्मदीपाचे कान तापले. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून ती जमिनीकडे पाहू लागली.

"पोरी, घाई नको करू," शेषराव हळूच म्हणाले. "मोटार फिरत नसली तर तू काय करतं?"

ती मोटारीवर हात ठेवत असे. काम करणारी मोटार गरम होते. तिने कार्डाच्या मागे तळहात धरला. गार! कॉम्प्युटर दहा मिनिटं गेमशी झगडत होता, आणि कार्ड मात्र माठासारखं गार होतं.

"वीज तर मी जोडली, पण काम पोचून नाई राह्यलं," ती स्वतःशीच म्हणाली. मग पडद्याच्या वायरीवर बोट ठेवून ती मागे मागे गेली. पडदा, वायर, चिठ्ठी क्रमांक तीन, आणि शेवटी भोक. जुनंच भोक! पहिल्यापासून चित्र तिथूनच येत होतं, आजही तिथूनच येत होतं. नव्या कार्डाला त्याचं स्वतःचं भोक होतं आणि ते रिकामं होतं.

ती एकदम मोठ्याने हसली.

"काय झालं वं?" अश्वजितने विचारलं.

"आपल्या दुकानाचा नियम आडवा आला, बाबा! मी तार जिथली तिथंच लावली. पण मशीनमधी नवा भाग आला ना. आता चित्र त्यातून निघालं पाह्यजे, तर तारेची जागाबी नवी."

तिने तीन नंबरची चिठ्ठी फाडून टाकली, वायर काढली आणि कार्डात खोचली.

गाडी निघाली. पहिलं वळण आलं आणि लोण्यातून सुरी जावी तशी गाडी त्यातून गेली. दुसरं वळण, पूल, बोगदा. रस्त्यावरची धूळ कणाकणाने दिसत होती. कोपऱ्यातला आकडा एक्क्याण्णव! कार्डाचे दोन्ही पंखे घूं करून फिरू लागले, आणि शेषरावांनी मागे हात धरून पाहिला.

"गरम!" ते ओरडले. "कामाले लागलं! तीस वर्षं चिठ्ठ्या बांधून राह्यलो मी, पण चिठ्ठी कधी फाडाची ते आज तू शिकवलं."

अश्वजित तोंड उघडं टाकून पडद्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने तो जवळ सरकला. "एक चक्कर मले दे ना, दीपे. एकच."

तिने दिली. एकीच्या चार झाल्या, चाराच्या दहा. रिकाम्या खोक्यावरच बैठक मारून तो खेळत होता, प्रत्येक वळणाला स्वतःही वाकत होता.

"दादा, ऊठ आता," धम्मदीपा म्हणाली.

"थांब वं, शेवटची—"

"ऊठ. कॉम्प्युटर माहा हाये."

अश्वजितने शेषरावांकडे पाहिलं. शेषराव मिशीत हसत होते. मग तो उठला, आणि तिला बसायला खोकं पुढे सरकवून दिलं.