चार दिवस आधी

"अडचण आली," असं त्रिशलानं सोमवारी सासूला सांगितलं, ते चक्क खोटं होतं. पाळीला अजून चार दिवस होते. पण करणार काय? या घरात पाळी आली तरच बाईला बाजूला बसायला मिळायचं, आणि त्रिशलाचं डोकं त्याच्या आधीच फिरायचं. गेल्या महिन्यात तिनं लेकीच्या अंगावर उलथनं फेकलं होतं. नेम चुकला म्हणून बरं! तेव्हापासून तिला स्वतःच्या हातांचीच धास्ती बसली होती.

शुक्रवारी ती डोक्यावरून न्हाली, आणि नेमका त्याच दिवशी घरी जैन मुनिमहाराजांच्या आहाराची, म्हणजे जेवणाची, तयारी ठरली. सोवळ्यात पाणी गाळता गाळता तिच्या ओटीपोटात कळ उठली. पाळी आता खरीच आली होती.

गप्प बसावं तर आहाराला विटाळ, बोलावं तर खोटं उघडं! कळशी हातात घेऊनच ती सासूकडं वळली.

"आत्ती, मला बसायला पाहिजे. आज खरंच आलीय."

सासू कडाडली, "मग सोमवारी काय झालतं?"

"जीव थाऱ्यावर नव्हता."

"तसं सांगायचं की गं!"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतं तुम्ही?"

सासूनं दाराकडं बघितलं. कळशी काढून घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "चार दिवस आधी कोण सांगतंय व्हय? मी दोनच दिवस आधी सांगायची."