उलटा बाण

ते १९७४ साल. औरंगाबादच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. फुलंब्रीच्या मल्हारी धनगराची कस्तुरा ही वर्गातली एकटी मुलगी. फर्स्ट क्लास मिळाला तर एम.एस्सी., नाहीतर वैशाखात लग्न, असं बापानं बजावून ठेवलेलं.

रसायनशास्त्राचे तात्यासाहेब सर पंधरा वर्षं एकाच पिवळ्या वहीतून शिकवत. प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ते पानाची पिंक टाकत, आणि पोरांनी परीक्षानळ्या धुवायच्या त्याच बेसिनमध्ये. वहीत एक चूक होती. दुहेरी बंधाची आम्लाशी अभिक्रिया होते, तेव्हा इलेक्ट्रॉन कुठून कुठं जातात ते बाणानं दाखवायचं असतं. सर तो बाण हायड्रोजनकडून बंधाकडं काढत. बाकीची पोरं तसाच पाठ करत. कस्तुराला समजल्याशिवाय पाठच होत नसे. तिनं एकदा भर वर्गात विचारलं.

"सर, हायड्रोजनवर धन भार हाय. त्याच्यापाशी द्यायला इलेक्ट्रॉनच नाय, मग बाण तिथून निघंल कसा?"

"मेंढ्या सोडून आता मला हाकती व्हय गं?"

वर्ग खिदळला होता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बद्रीनाथ सर आले. समोर तात्यासाहेबांच्या घरचं मटणाचं ताट. तेलकट बोटांनीच त्यांनी कागद सरकवला आणि नेमकी तीच अभिक्रिया विचारली. कस्तुरानं बाण बंधाकडून हायड्रोजनकडं काढला.

"बरोबर," बद्रीनाथ बोलून गेले. मग त्यांनी तात्यासाहेबांचं तोंड पाहिलं.

"ही लई शहाणी हाय, साहेब," तात्यासाहेब म्हणाले. "माझं शिकवलेलं चूक म्हणती."

बद्रीनाथांनी ताटातली मटणाची नळी फुर्रकन चोखली. "बाई, मार्क सरांनी न् मी मिळून द्यायचेत. त्यांनी सांगितलं तसं काढ, मोकळी हो."

कस्तुरानं खोडरबर घेतलं आणि बाण उलटा केला.

"शाब्बास!" बद्रीनाथांचा तेलकट हात तिच्या पाठीवर फिरला. ती बेसिनकडं धावली. आतला लाल चिकटा बघितला आणि भडाभडा ओकली. किळस सरांची कमी, स्वतःच्या हाताचीच जास्त आली.

तिला फर्स्ट क्लास मिळाला. तात्यासाहेब पुढं प्राचार्य झाले. त्यांच्या वहीचं गाइड निघालं आणि खपलंही. बद्रीनाथ दरसाल परीक्षेला येत राहिले, साखरेच्या आजारानं पाय जाईस्तोवर. मल्हारीनं गावभर पेढे वाटले. लेकीच्या हुशारीचं कौतुक करतच तो गेला. कस्तुराबाईंनी एम.एस्सी. केली. त्याच कॉलेजानं नोकरीला बोलावलं, त्या गेल्या नाहीत. चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात नमुने तपासत त्यांनी तीस वर्षं काढली. त्या उलट्या बाणाचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही.