न वाढणारा डाग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर स्तनाचा एक्स-रे झळकत होता आणि बाबा माइक धरून फिरत होता. "ना सुरी, ना औषध. माझा नुसता हात फिरला आणि कॅन्सरच्या पेशी लाजून खाली मान घालून बसल्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावर बाबाने बऱ्या केलेल्या बायकांची रांग होती; तिच्यात पहिल्या खुर्चीत बसलेल्या ब्रेकताईने हात जोडले. एक्स-रे तिचाच होता.

ब्रेकताई गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाशेजारी बसून सारखा आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची, म्हणून हे नाव. तशी धीट बाई. पण तपासणी शिबिरात यंत्राने डाग दाखवला, सुईच्या तपासणीत कॅन्सरची अगदी पहिली पायरी निघाली, तेव्हा तिची पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. ती उठली ती थेट बाबाकडे गेली. बाबाने हवेतल्या हवेत हात फिरवला. वर्षं सरली, तिला काही झालं नाही. बाबाने तिचा फोटो चौकाचौकात लावला.

तो फोटो धाकट्या बहिणीने पाहिला. तिला आंघोळ करताना काखेजवळ गाठ लागली होती. ताई बरी झाली तशी मीही होईन, म्हणून ती कुणाला न सांगता बाबाकडे जाऊ लागली. बाबा म्हणाला, दुखतंय म्हणजे गाठ विरघळतेय. गाठ फुटली तेव्हा घरात कळलं. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बहीण गेली, आणि बाबाचा निरोप आला की तिची श्रद्धा कमी पडली.

ब्रेकताई डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि जाब मागितल्यासारखी म्हणाली, मी जगले, मग ती का गेली? बाईंनी नवा एक्स-रे काढून जुन्याशेजारी लावला. डाग जसाच्या तसा होता.

"हा बरा झालेलाच नाही," बाई म्हणाल्या. "असे काही डाग जन्मभर नुसते पडून राहतात. यंत्राने शोधला नसता तर तुम्हाला कळलाही नसता. पण कुठला पडून राहील आणि कुठला पसरेल, हे आम्हालाही नक्की सांगता येत नाही. त्यामुळे गरज नसलेल्या बाईवरही कधीकधी आमची सुरी चालते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आणि तिची गाठ?"

"ती वाढत होती. वेळेवर काढली असती तर ती वाचण्याची बरीच शक्यता होती."

ब्रेकताईला सगळा डाव कळला. तरी बहिणीच्या नवऱ्याशिवाय तिने कुणाजवळ ब्र काढला नाही. मेळाव्याचं आमंत्रण आलं, ते तिने हसून घेतलं.

आता बाबाने माइक तिच्या हाती दिला. ती मंचावरच्या बायकांकडे वळली. "यंत्राने डाग दाखवण्याआधी तुमच्यापैकी कुणाच्या हाताला गाठ लागली होती?"

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांचे डाग यंत्रानेच दाखवलेले होते.

मग ती गर्दीकडे वळली. "गाठ घेऊन इथे आलेलं कुणाचं माणूस गेलंय? त्यांनी उभं राहा."

मागे एक म्हातारा उठला. मग एक नवरा, दोन मुली. मग रांगाच्या रांगा. बाबा श्रद्धेबद्दल काही पुटपुटला.

"याने मला बरं केलं नाही," ब्रेकताई शांतपणे म्हणाली. "जिला मरायचंच नव्हतं, तिला यानं वाचवलं. मरत होती माझी बहीण."

बाबा मागच्या दाराने सटकायला गेला. दाराला लागून ब्रेकताईची गाडी आडवी उभी होती आणि आत बहिणीचा नवरा बसला होता. पोलीस येईपर्यंत बाबा दाराच्या फटीतून त्याच्या विनवण्या करत राहिला. ब्रेकताई खुर्ची ओढून ते बघत बसली. तिला बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

उभ्या राहिलेल्या बायका तिच्याभोवती जमल्या. एकीने विचारलं, मग आम्ही करायचं काय?

"हाताला गाठ लागली तर एक दिवसही दवडू नका, दवाखाना गाठा. यंत्राने डाग दाखवला तर घाबरून पळू नका आणि घाबरून कापूनही घेऊ नका. समोर बसून डॉक्टरला विचारा, हा वाढणारा आहे का, नुसतं लक्ष ठेवून चालेल का. उत्तर समजेपर्यंत उठू नका. मी तेव्हा उठले होते."