टाकीत बसलेली कडूबाई

हौसाचं पोट दुखायला लागलं तेव्हा कडूबाईला वाटलं, मिलोच्या भाकरीनं दुखत असेल. बहात्तर सालच्या दुष्काळात तिसगावात ती लाल ज्वारी कुणालाच पचत नव्हती. पण बाकीचे दोन दिवस कुरकुरून उठत, हौसा उठेना. सहा वर्षांची पोर, एरवी पायाला भिंगरी लावल्यासारखी गल्लीभर फिरायची. आता भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसे. परसाकडं साफ व्हायचं नाही. तोंड कणकेच्या गोळ्यासारखं पांढरं पडलं होतं. शेजारच्या खुर्शीदची बानूही तशीच कण्हायची.

एरंडेल झालं, ओवा झाला, मढीच्या देवाचा अंगारा झाला. शेवटी होळी उलटल्यावर कडूबाईनं पोरीला पाठुंगळी मारलं, म्हाताऱ्या आईला बरोबर घेतलं आणि नगरची एस. टी. धरली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हौसाचा ओठ उलटून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"मिश्री लावते का ही?"

"एवढ्याशा पोरीला कोन मिश्री लावू देईल, बाई?"

हिरडीच्या कडेनं बारीक निळसर-काळी रेघ होती. बाईंनी ती कडूबाईला दाखवली आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आबासाहेबांच्या टाकीचं."

आबासाहेब म्हणजे तिसगावचं मोठं घर. माणूस हाताचा सढळ. दिवाळीच्या सुमाराला आड आटले, तेव्हा त्यांनी कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातून पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी ट्रकवर घालून आणली आणि पेठेतल्या चौथऱ्यावर बसवली. रोज टँकर येऊन ती भरून जाई. गावानं नारळ फोडला, टाकीवर आबासाहेबांचं नाव रंगवलं. त्या टाकीत आधी काय भरत होते, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"आतून कशी आहे?"

"करड्या पत्र्याचं अस्तर हाय. मऊ. टाकी धुवायला पोरं आत उतरत्यात, ती खिळ्यानं नावं कोरत्यात त्याच्यावर."

बाई सावकाश, समजेल असं बोलल्या. "ते शिसं असणार. कारखान्यात तेजाब साठवायला अशा टाक्या करतात. शिसं पाण्यात उतरतं. दिसत नाही, वास येत नाही, पाणी उकळलं तरी जात नाही. मोठ्यांना सावकाश धरतं, पोरांना लवकर. रक्त आटवतं, पुढं डोक्यावरही जातं. मी वर कळवते, पाण्याचा नमुना न्यायला माणूस येईल. पण तोवर त्या टाकीचा थेंबसुद्धा पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका."

"मग गावानं प्यायचं काय, बाई?"

बाईंनी कागद पुढं ओढला आणि पत्र लिहायला घेतलं.

हौसाला दवाखान्यात म्हाताऱ्या आईपाशी ठेवून कडूबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतली. तिचा नवरा गहिनीनाथ आबासाहेबांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, त्यांनी टाकी आनली म्हनून गाव जगलं. आन तू तिला नावं ठेवतीस? गावात तोंड दाखवायचं हाय का न्हाई?"

"तोंड मागनं दाखवू. आदी पोरींचं बगू."

"कळवलंय न्हवं बाईंनी? येईल सरकारी मानूस."

"सरकारी मानूस येईल तवा येईल. टँकर आज दुपारीच येनार हाय."

ती तडक पेठेत गेली. टाकी तळाला लागली होती. चौथऱ्याखाली हंडे, कळश्या, डबे यांची रांग लागलेली. कडूबाईनं काष्टा आवळला, शिडी चढली, झाकण सरकवलं आणि आत उतरली. घोटाभर पाणी होतं, त्यातच फतकल मारून बसली. पत्रा उन्हानं तापला होता. बाहेर एकच कालवा झाला.

टँकरवाला गनीभाई नळी घेऊन वर चढला आणि आत बघून दचकला.

"वैनी! हे काय?"

"सोड पानी, गनीभाई. माज्या डोक्यावर सोड. न्हाईतर आडात नेऊन वत. या टाकीत आता पानी पडनार न्हाई."

तिनं आतूनच ओरडून हिरडीवरची रेघ आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. पण बायका ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. सकाळपासून उन्हात उभ्या होत्या त्या. "लई शानी झालीस का एका दिसात?" बायडाबाई खालून कडाडली. "आमच्या घशाला कोरड पडलीया, आन तू अंघुळीला बसलीस?"

कुणीतरी पळत जाऊन आबासाहेबांना घेऊन आलं. पांढरं धोतर, हातात काठी. पुष्पावतीबाई, त्यांच्या घरच्या, मागं जरा अंतरावर उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी आवाज चढवला नाही. टाकीच्या तोटीखाली ओंजळ धरली, उरलंसुरलं पाणी सगळ्यांदेखत प्याले आणि मिशीवरून हात फिरवला.

"बघा. पिलो. मेलो का? कडूबाई, उतर खाली. गावाचं पाणी अडवू नकोस."

कडूबाईचं डोकं झाकणातून वर आलं. हातात कमरेचा विळा होता. त्या विळ्यानं तिनं झाकणाजवळचं अस्तर खरवडलं तशी करड्या पत्र्याची लांबट फीत सुटून आली. तिनं ती दोन बोटांनी दोऱ्यासारखी वाकवून वर धरली.

"हे शिसं हाय, आबासाहेब. लोखंड आसं वाकतं का? तुमी एक ओंजळ पिलात. माजी हौसा दिवाळीपासनं पितीया. तुमच्या नातवाला पाजा की मग हेच पानी. तुमच्या घरला पानी कुठनं येतं, ते सांगा समद्यांना."

आबासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीला अजून झरा होता, हे गावाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर राग आला, पण त्याच्या आधी काहीतरी दुखावल्यासारखं दिसलं. त्यांनी चांगल्या मनानंच टाकी आणली होती. "माझ्या टाकीत विष आहे म्हणतेस?" ते हळू आवाजात म्हणाले. "गनी, पाणी सोड."

तेवढ्यात खुर्शीदनं बानूला बायडाबाईच्या हातात दिलं आणि शिडी चढू लागली. "सरक ग, कडूबाई. मला बी बसू दे."

बायडाबाईनं कडेवरच्या पोरीकडं पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं बानूचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि हिरडीच्या कडेची निळसर-काळी रेघ निरखून पाहिली.

गनीभाईनं नळी गुंडाळली. "आबासाहेब, माफी करा. बायांच्या अंगावर आपन पानी सोडनार न्हाई." टँकर वळवून तो पेठेमागच्या कोरड्या आडावर गेला.

आडानं पहिलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. उरलं ते चिखलगाळ होतं. बायकांनी ते फडक्यातून गाळून, उकळून प्यायलं आणि कडूबाईला पोटभर शिव्या दिल्या. पण दुसऱ्या दिवशी टँकर पुन्हा आडावरच गेला, कारण त्या दोघी पुन्हा टाकीत बसल्या होत्या आणि या खेपेला शिडीच्या पायथ्याशी बायडाबाई उभी होती. पुढं नगरहून माणूस येऊन नमुना घेऊन गेला. बऱ्याच दिवसांनी हुकूम आला आणि टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं.

गहिनीनाथाची ट्रॅक्टरवरची नोकरी मात्र गेली. तो कडूबाईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला येऊ लागला. एकदा हातोडा खाली ठेवून म्हणाला, "मला बी टाकीत यायला पायजे हुतं." कडूबाई नुसती हसली.

वैशाखात टँकर दिवसाआड यायला लागला. तेव्हा आबासाहेबांनी निरोप धाडला की, गावाला मळ्यातली विहीर खुली आहे. फक्त कडूबाईनं आधी येऊन माफी मागावी.

"माग ग माफी," बायका म्हणाल्या. "दोन शब्दांनी काय झिजतीस?"

"पोरीचं पोट दुखलं म्हनून माफी मागू?" कडूबाई म्हणाली. "माफी मागनार न्हाई. पानी मात्र भरनार."

तिनं डोईवर हंडा घेतला आणि मळ्याची वाट धरली. नगरहून परत आलेली हौसा तिच्या बोटाला होती. पोर चालताना लवकर दमत होती, शिकवलेले आकडे विसरत होती, पण चालत होती. मागोमाग खुर्शीद, बायडाबाई आणि मग सगळी गल्लीच निघाली.

विहिरीवर आबासाहेब बाजेवर बसले होते. कडूबाई त्यांच्यासमोरून गेली. थांबली नाही, मान खाली घातली नाही. आबासाहेबांनी काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

रहाटापाशी पुष्पावतीबाई होत्या. त्यांनी नवऱ्याकडं एकदाही न पाहता दोर सोडला, भरलेली बादली वर ओढली आणि कडूबाईच्या हंड्यात रिती केली.

"आधी पोरीला पाज," त्या म्हणाल्या.