फरशीचे फोटो

पुनमने मोबाईल काउंटरच्या काचेवर ठेवला आणि बोटाने ललितकडे सरकवला.

"भाऊ, मला असे पाहिजेत."

फोटो हळदीचा होता. सात-आठ बाया जमिनीवर बसलेल्या, मधोमध नवरी. कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण सगळ्याजणी एकदम हसत होत्या. एका म्हातारीने हसता हसता डोळ्यांना पदर लावला होता. कॅमेऱ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं: ललित फोटो, देवपूर, धुळे.

ललितने फोटो लगेच ओळखला. तीन वर्षांपूर्वीचं साक्रीजवळचं लग्न, नवरी दिपमाला, पुनमची मामेबहीण. पुनमला तेव्हा नर्सिंगची परीक्षा होती, त्यामुळे तिला जाता आलं नव्हतं. आणि न गेलेल्या लग्नाचे फोटो माणूस जरा जास्तच बघतो. हा फोटो तिने इतक्यांदा पाहिला होता, की कोणत्या बाईच्या हातात कोणत्या बांगड्या हेही तिला पाठ होतं.

मागच्या महिन्यात ललितने तिच्या साखरपुड्याचे फोटो काढले होते. ते वाईट नव्हते. उजेड नीट, सगळ्यांचे डोळे उघडे, दोन्हीकडची माणसं उंचीप्रमाणे उभी. पण पुनमचं म्हणणं, त्यात सगळे शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे दिसतात. दुकान तेच, नाव तेच, मग हात दुसऱ्याचा का वाटतो? ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती.

"दिपूताईचे फोटो ज्यांनी काढले, त्यांनाच पाठवा ना हळदीला."

काउंटरच्या मागे भिंतीवर रूपाचा हार घातलेला फोटो होता. ललितने मागे वळून पाहिलं नाही.

"मीच काढले होते," तो म्हणाला.

हे खोटं बोलायला त्याला काही कष्ट पडले नाहीत. अकरा वर्षं तो हेच खोटं तोंड न उघडता बोलत आला होता. रूपा, त्याची बायको, प्रत्येक लग्नात त्याच्यासोबत असायची. लोकांना वाटायचं, लाईट धरायला येते. तो स्टेजसमोर उभा असायचा आणि ती दुसरा कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत जायची, जिथे बायका पुरुषमाणसाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. तिथून ती जे काही घेऊन यायची, ते 'ललित फोटो' म्हणून बाहेर पडायचं. बायकांचे फोटो काढावेत तर ललितभाऊंनी, असं लोक म्हणायचे आणि ललितभाऊ मान डोलवायचे. रूपाला त्याचं काय वाटतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी चार दिवसांच्या तापात ती गेली. दहाव्याला लावायला चांगला फोटो दे, असं मेहुणा म्हणाला, तेव्हा ललितने सगळे फोल्डर उपसले. हजारो नवऱ्या, त्यांच्या आया, आत्या, करवल्या. रूपाचा एकही धड नाही. कुठे लाईटच्या छत्रीमागे अर्धी झाकलेली, कुठे नुसता दंड. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. शेवटी त्याने तिचं आधार कार्ड स्कॅन केलं, फोटो मोठा केला, गालावर थोडा उजेड घातला. भिंतीवरची बाई रूपासारखी दिसायची खरी, पण रांगेत ताटकळलेल्या रूपासारखी.

पुनम गेल्यावर त्याने साक्रीच्या लग्नाचं फोल्डर शोधून काढलं. रूपाच्या कॅमेऱ्याचं एवढं एकच मेमरी कार्ड अख्खं उरलं होतं. एरवी लग्न झालं की तो तिचे फोटो निवडायला बसायचा, आणि त्यात निम्मा कचरा असायचा. हललेली फरशी, सतरंजीची कड, फरशी, पुन्हा फरशी. तो एकेक पुसत जायचा आणि चिडवायचा, "नवरीचं लग्न होतं की फरशीचं?" ती हसायची. एकदाच म्हणाली होती, "असू द्या हो, त्यांच्याशिवाय पुढचे येत नाहीत." चूक झाकायला माणूस काहीही बोलतो, असं त्याला वाटलं होतं. साक्रीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुक्ताईनगरचं लग्न होतं. त्या घाईत त्याने कार्ड जसंच्या तसं उतरवून ठेवलं आणि पुसायचं राहून गेलं.

आताही सुरुवातीचे फोटो फरशीचेच होते. दोनशे चौदा. त्याने ते भराभर पुढे ढकलले आणि हसणाऱ्या बायांपाशी येऊन थांबला. कॅमेरा जमिनीलगत, उजेड खिडकीचा, डावीकडून. एवढंच तर आहे, तो मनाशी म्हणाला. अकरा वर्षं बायकोने जे केलं, ते आपल्याला एका दुपारी जमेल असं त्याला वाटलं, याचं हसू यावं की रडू, कळत नाही.

हळद पुनमच्या घरीच होती, आणि तिनेच सांगून ठेवल्यामुळे बायांनी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं. ललित दारातूनच वाकून आत गेला, गुडघ्यांवर बसला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बायांनी पदर सारखे केले. बोलणं थांबलं. सगळ्यांच्या तोंडावर एकसारखं हसू आलं. त्याने चार-पाच फोटो काढले, जागा बदलली, आणखी खाली वाकला. पण पदर सारखेच आणि हसू तेच. पुनम पाटावर बसून पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. ही हळद काही परत लागणार नव्हती.

भिंतीला टेकून तिची आजी बसली होती, मंजुळाबाई. मोबाईलमधल्या फोटोत डोळ्यांना पदर लावणारी म्हातारी तीच. तिने ललितला हाताने जवळ बोलावलं.

"भाऊ, ती पोर कोठे शे? दिपीना लगीनमा उनी व्हती ती."

ललितने कॅमेरा खाली घेतला.

"तू येताबरोबर मशीन रोखस," म्हातारी म्हणाली. "ती तसं नही करे. मशीन मांडीवर ठेइसन आमनामा बठे. बोलता बोलता कटकट वाजाडत राहे. काय काढस, इचारं तं म्हने, काही नही अक्का, फरशीना फोटो काढस. मंग आमले त्या आवाजनी सवय व्हई जाये."

ललित तिथेच खाली बसला. दोनशे चौदा वेळा तिने मांडीवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं होतं, बायांना तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत. आणि तो तिला फरशीच्या लग्नावरून हसत आला होता.

"ती नही ऱ्हायनी, अक्का," तो म्हणाला. "दीड वरीस व्हयनं."

म्हातारीचा हळद कालवून भरलेला हात होता तिथेच राहिला. ललितने पुनमकडे पाहिलं.

"ताई, दिपूताईंचे फोटो तिने काढलेत. मी तुमच्याशी खोटं बोललो."

आता ही पोरगी आपल्याला उठवून लावणार, असं ललितला वाटलं, आणि तिने तसं केलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं. पण पुनमने शेजारच्या मावशीला जरा सरकायला सांगितलं आणि सतरंजीवर त्याच्यासाठी जागा केली.

तो मांडी घालून बसला. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि न बघता बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बाया आधी रूपाबद्दल हळू आवाजात बोलल्या. कुणाच्या लग्नात आली होती, कशी ताटाला ताट लावून जेवली होती. मग बोलणं दुसरीकडे गेलं, हळद लागायला लागली, आणि एका क्षणी मंजुळाबाईने नातीचा गाल धरला आणि तिचा हात तिथून निघेचना. ललितने कॅमेरा वर उचलला तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. रूपासारखा नाही आला तो फोटो. पण पुनमने पाहिल्यावर तो मोबाईलवर ताबडतोब मागून घेतला.

लग्न पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ललितने साक्रीचं फोल्डर पुन्हा उघडलं, पहिल्या फोटोपासून. या वेळी पुढे ढकललं नाही. फरशी हललेली होती, पण फरशीवर एक पाय होता. डावा. एक गुडघा उभा करून बसायची रूपाची सवय, त्यामुळे पाऊल बरोबर समोर आलेलं. पोपटी साडीचा काठ. चेपलेलं जोडवं, जे बदलून आणू म्हणता म्हणता राहून गेलं होतं. पंधराव्या फोटोत अंगठ्याच्या नखावर हळदीचा ठिपका पडला होता. चाळिसाव्यात पाऊल किंचित वर उचललेलं, कुणाच्या तरी गाण्यावर ताल धरल्यासारखं. दोनशे चौदाही फोटोंत ती होती.

प्रत्येक लग्नाला दोनशे. अकरा वर्षं. ते सगळे त्याने याच खुर्चीत बसून, याच हाताने पुसले होते. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, रस्त्यावर वर्दळ होती, तरी ललित हमसून हमसून रडला.

आठवड्याने पुनमचा अल्बम छापायला जळगावला गेला. संध्याकाळी लॅबवाल्या जिनेशचा फोन आला. अल्बम छान झालाय, हळदीची पानं तर एक नंबर, शेवटी नवीन नाव टाकलंय ते बघितलं, 'ललित-रूपा फोटो', बरं केलंत. मग तो जरा अडखळला.

"भाऊ, सोबत एक फोटो चुकून आलाय. फरशीचा. हललेला आहे, नुसता एक पाय दिसतो. पुसून टाकू?"

"नको," ललित म्हणाला. "तो चुकून नाही आला. मोठा काढा, बारा बाय अठरा. फ्रेम करून पाठवा."

जिनेश धंद्यातला माणूस, त्याला राहवलं नाही.

"मग फरशी जास्त आहे, ती कापतो. पाय मधोमध येईल."

ललितने भिंतीवरच्या आधार कार्डाकडे पाहिलं.

"नाही जिनेशभाई," तो म्हणाला. "आता काही कापू नका."